अठ्ठ्यांची जोडी फोडताना

मी इस्पिकची अठ्ठी बोलतेय. माझ्या पोटात मधोमध एक भोक आहे. त्यातून पाहिलं की जग लहान आणि उजळ दिसतं, पहाटेच्या स्वप्नातलं दिसतं तसं.

अमेरिकेतल्या रेनो शहरातल्या एका जुन्या कॅसिनोत, हिरव्या बनातीच्या टेबलावर माझं तरुणपण गेलं. तरुणपण म्हणजे एकच दिवस. तिथे पत्ते जुने होऊ देत नाहीत. कुणी खुणा केल्या असतील या धास्तीने एका पाळीनंतर अख्ख्या कॅटला आरपार भोक पाडतात. पण तो एक दिवस मी ऑरिन टॅलबर्टच्या हातात होते. तीस वर्षं तो तिथे ब्लॅकजॅकची पानं वाटत होता. त्याच्या बोटांतून सुटताना आपण पान नसून पाणी आहोत असं वाटे. त्याच दिवशी तो निवृत्त झाला आणि आठवण म्हणून आमचा भोकाचा कॅट घरी घेऊन गेला.

पुढची दोन वर्षं मी स्वयंपाकघरातल्या खणात झोपून काढली. चमच्यांची किणकिण, कॉफीचा वास, ऑरिन आणि त्याची बायको नेल्डा यांची लाडिक भांडणं. सगळं झोपेतच कानावर पडायचं.

मग एक दिवस घर गप्प झालं. ऑरिनला अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

काही आठवड्यांनी नेल्डाने खण उघडला, कॅट काढला आणि वेडावाकडा पिसला. समोर चाकाच्या खुर्चीत ऑरिन होता. तिने त्याच्यापुढे पैशांऐवजी शर्टाची जुनी बटणं ठेवली.

"हं. आजपासून डीलर मी. जास्त हुशारी करायची नाही, सांगून ठेवते."

एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही, एवढाच खेळ. पान हवं असेल तर ऑरिन डाव्या बोटाने टेबलावर टकटक करी. नको असेल तर तळवा हवेत फिरवी. कॅसिनोत खुणाच चालतात, त्यामुळे वाचा नसली तरी अडत नव्हतं. सकाळचं ऊन खिडकीतून यायचं, माझ्या भोकातून त्याचा एक ठिपका टेबलावर पडायचा, आणि तो ठिपका ऑरिन कितीतरी वेळ बघत बसायचा.

नेल्डा मात्र थकत चालली होती. त्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, खुर्चीतून न्हाणीघरात. तिची कंबर पार गेली. एकदा दोघंही न्हाणीघरात पडली आणि पोस्टमनने हाक ऐकेपर्यंत तशीच फरशीवर पडून राहिली.

ते कळल्यावर त्यांची मुलगी जॅनीन बॉइसी शहरातून गाडी हाकत आली.

"आई, बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू या. चार गल्ल्या पलीकडे तर आहे. तिथे उचलायला माणसं आहेत, रोज व्यायाम आहे."

"त्याला न विचारता?"

"त्यांना काय विचारणार? नुसते बघत बसतात ते. कळतंय कुठे काही?"

नेल्डाने पानं घेतली आणि लेकीसमोरच वाटायला लागली. ऑरिनपुढे मी पडले, आणि लगेच माझ्या शेजारी बदामाची अठ्ठी. नेल्डाचं उघडं पान होतं राजा, म्हणजे दहा.

आमची जोडी म्हणजे सोळा. ब्लॅकजॅकमध्ये याहून वाईट हात नाही. पान घ्यावं तर बहुधा एकवीस ओलांडतं, न घ्यावं तर हार ठरलेली. एकत्र राहून आम्ही दोघी एकमेकींना बुडवतो.

ऑरिनने डाव्या हाताची दोन बोटं फाकवली. जोडी फोडायची, म्हणजे दोन पानांचे दोन वेगळे डाव करायचे, ती खूण. दुसऱ्या डावासाठी आणखी एक बटण त्याने स्वतः पुढे सरकवलं.

"योगायोग आहे," जॅनीन म्हणाली.

"असं? मग हे बघ." नेल्डाने पत्ते चाळून मुद्दाम दोन दश्श्या मांडल्या. वीस झाले, कोण मोडेल? ऑरिनने तळवा फिरवला. मग दोन एक्के मांडले, जे फोडायचेच असतात. दोन बोटं. पुन्हा माझी जोडी. दोन बोटं.

जॅनीनने खुर्ची ओढली आणि बापासमोर बसली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्हाला सगळं कळतंय?"

त्याने बोटाने एकदा टकटक केलं.

मग नेल्डाने खालच्या आवाजात विचारलं, "ऑरिन, ही म्हणते तू केंद्रात जावंस. मी इथे. तू सांगशील तसं."

ऑरिन तिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग त्याने हात उचलला, एकदा स्वतःकडे, एकदा तिच्याकडे नेला, आणि दोन बोटं फाकवली.

"मूर्खा," नेल्डा म्हणाली. "आपण काय अठ्ठ्या आहोत? आपण दश्श्या आहोत. दश्श्या कुणी फोडतं का?"

त्याने दोन बोटं खाली घेतली नाहीत. शेवटी तिनेच तो हात धरून आपल्या गालाला लावला.

तो केंद्रात राहायला गेला. पहिले काही दिवस घर इतकं रिकामं होतं की नेल्डा रेडिओ लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पण हळूहळू तिची कंबर सुधारली. रोज सकाळी ती आम्हाला पर्समध्ये घालून केंद्रात जायला लागली. तिथल्या जेवणघरात टेबल जमलं. ऑरिनच्या शेजारी बसायचा मार्टिन युरिआर्ते, उभा जन्म डोंगरात मेंढ्या राखलेला, मूळचा स्पेनकडचा बास्क म्हातारा, खेळात अगदीच कच्चा.

एका सकाळी मार्टिनला दोन पंज्या आल्या. पाच आणि पाच दहा, इतकी सुरेख सुरुवात कुणी फोडत नाही. त्याने आनंदाने दोन बोटं फाकवली.

तीस वर्षं डीलर म्हणून ऑरिनने लोकांची असली खुळं हसऱ्या तोंडाने गिळली होती. गिऱ्हाईकाला नावं ठेवायची नसतात. पण आता तो नोकरीत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडा झाला, आणि अकरा महिन्यांनी पहिला शब्द बाहेर पडला.

"गाढवा!"

मग मार्टिन टाळ्या पिटायला लागला. "नेल्डाबाई, ऐकलंत? मला म्हणाला! मला!" नेल्डा हसत होती की रडत होती, मला भोकातून नीट दिसलं नाही.

आता माझ्या कडा मऊ झाल्यात, इस्पिकचा काळा रंग विटलाय. एखाद्या सकाळी मी दुमडेन आणि कुणीतरी मला टाकून देईल. देऊ दे. मला एवढंच मागायचंय. कुणी बोलत नाही म्हणून त्याच्या वाटचं तुम्ही ठरवून टाकू नका. त्याच्यापुढे पानं मांडा, आणि त्याचा हात हलेपर्यंत थोडं थांबा.