गप्पेच्या पाठीशी

मी शेकाची पिशवी बोलतेय. रबराची, विटकरी रंगाची, एका अंगाला गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला उभ्या रेघा असलेली. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेली. कुणाचं काही दुखलं की तिची आठवण होते, दुखणं थांबलं की ती परत तळाशी जाते. माझ्या नशिबात ती विश्रांती नव्हती. मी ज्या घरात गेले, तिथलं दुखणं कधी थांबलंच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबराचे दोन तुकडे दाबले आणि मी झाले. जन्मल्या जन्मल्या माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडा आला नाही. “ही चांगली आहे,” असं म्हणून एका बाईने मला पेटीत टाकलं. कुठून गळतंय हे माणसांच्या बाबतीतही इतकं झटपट कळलं असतं, तर किती बरं झालं असतं.

औषधांच्या दुकानात मी फार दिवस राहिले नाही. एक बाई आली. तिच्या हातात नवऱ्याची दवाखान्याची कागदपत्रं होती. “टिकाऊ आहे ना हो?” तिने विचारलं. “रोज लागणार आहे.”

“रोज? किती दिवस?” दुकानदाराने सहज विचारलं.

तिने पैसे मोजले. मला पिशवीत घातलं आणि निघाली.

तिचा नवरा केस कापायचा. गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं दुकान, एका खुर्चीमागे हा आणि दुसऱ्या खुर्चीमागे त्याचा जोडीदार. जोडीदाराचा हात अधिक सफाईदार, पण गर्दी मात्र याच्याकडे, कारण याच्या तोंडाला खळ नसे. गिऱ्हाइकांनी त्याचं नावच ‘गप्पे’ ठेवलं होतं. त्याचं खरं आडनाव विचारलं असतं तर निम्म्या गल्लीला सांगता आलं नसतं.

गप्पेला मणक्याचा आजार होता. डॉक्टरांनी तो समजावून सांगितला, तेव्हा मी त्याच्या बायकोच्या मांडीवर होते. मणक्यांना सूज येते, मग हळूहळू ते एकमेकांना चिकटत जातात. पाठ वाकेनाशी होते, मान वळेनाशी होते. “याने माणूस जात नाही,” डॉक्टर म्हणाले.

“बरा होतो?” गप्पेने विचारलं.

“आटोक्यात राहतो. गोळ्या आणि व्यायाम चुकवायचे नाहीत.”

“म्हणजे लग्नासारखंच,” गप्पे म्हणाला. डॉक्टर हसले. बायको हसली नाही.

जुन्या टॉवेलचं आवरण शिवून तिने मला त्यात घातलं. सकाळी मी पलंगावर त्याच्या कमरेखाली असायचे. दुकानात तो रुंद पट्ट्याने मला पाठीला बांधायचा आणि वरून सदरा घालायचा. दाढीसाठी गरम पाणी तिथे असायचंच, त्यातलंच थोडं माझ्या वाट्याला यायचं. मी अशी त्याच्या पाठीला चिकटून उभी, आणि पुढ्यात जगाची दुःखं खुर्चीत बसलेली.

खरंच, लोक त्या खुर्चीत बसून काय काय बोलायचे! कुणाची सून घर सोडून गेलेली, कुणाला साहेब छळतोय, कुणाची झोप उडालेली. गळ्याभोवती कापड बांधलं की माणसाचं मन मोकळं होतं की काय, कोण जाणे. गप्पे सगळं ऐकायचा, हसवायचा, डोक्याला चंपी करून द्यायचा. माणूस हलका होऊन जायचा. मग गप्पे वळून केर लोटायचा, आणि तेवढ्या वेळात मला त्याच्या पाठीचे स्नायू दगडासारखे लागायचे.

वर्ष सरलं आणि मान आखडली. बाजूला पाहायचं तर त्याला अख्खं अंग वळवावं लागे. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, “काय गप्पे, आता मान वाकवतच नाही कुणापुढे! मोठे झालात.” सगळं दुकान हसलं. गप्पेही हसला, पण फक्त तोंडाने. माणूस खरा हसला की पाठ हलते. त्याची हलली नाही.

घरी त्याची गोष्ट वेगळी होती. सकाळी उठून बसायलाच पाऊण तास लागायचा. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग बायकोच्या खांद्यावर हात. बारा वर्षांची त्यांची मुलगी तोवर दाराशी उभी राहायची. बाबांचं तोंड पाहून आज मोठ्याने बोलायचं की हळू, हे ती ठरवायची.

दिवसभर बोलणारा माणूस घरी मुका झाला. मित्रांनी बोलावलं तर काहीतरी कारण सांगायचा. मुलगी शेजारच्या खोलीत दोरीवर उड्या मारत होती म्हणून एकदा इतका ओरडला, की तिने ती दोरी पुन्हा बाहेर काढलीच नाही. ओरडून झाल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. माफी मागावीशी वाटत होती त्याला, हे मी सांगते. पण तो उठला नाही.

सल्ले देणाऱ्यांची मात्र कमतरता नव्हती. त्याचा थोरला भाऊ दर रविवारी यायचा. “मनावर घेऊ नकोस. माझे गुडघे दुखत नाहीत का? चांगले विचार कर, निम्मं दुखणं तिथेच पळतं.”

“हो दादा,” गप्पे म्हणायचा. दादा गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचा.

इस्पितळात व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. एकदा तिने त्याची मान मोजली, पाठ मोजली, कागदावर आकडे लिहिले आणि पेन खाली ठेवलं. “पाठीचं कळलं. तुमचं काय?”

“मजेत,” तो सवयीने म्हणाला.

ती नुसती बसून राहिली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, तरी उठली नाही. मोजणं झाल्यावर त्याने मला परत पाठीला बांधलं होतं. तो माझ्यावर रेलल्याचं मला कळलं.

“सकाळ होऊच नये असं वाटतं,” गप्पे म्हणाला. “रोजच वाटतं.”

तिने त्याला बोळाच्या टोकाच्या खोलीत नेलं. तिथे समुपदेशन करणाऱ्या बाई बसायच्या. पिकलेले केस, जाड चष्मा, टेबलावर पाण्याचा तांब्या. दर गुरुवारी तासभर. पहिल्या दिवशी गप्पेने त्यांनाच दोन विनोद ऐकवले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “छान आहेत. आता तुमचं सांगा.”

तिसऱ्या गुरुवारी तो बोलला. “सगळे माझ्यापुढे बसून रडतात. मी रडायला कुणापुढे बसू? बायको आधीच दमलीय. पोरगी घाबरते. मी घरातला माणूस राहिलो नाही हो. घरातलं काम झालोय.”

बाईंनी त्याला उगाच धीर दिला नाही. म्हणाल्या, “आजार जाईल असं मी सांगणार नाही. पण अख्खा दिवस त्याला का द्यायचा? दहा मिनिटं त्याच्याकडून काढून घ्या. आणि जड वाटेल त्या दिवशी घरात तसं सांगा. ओरडण्याच्या आधी.”

त्याने ती दहा मिनिटं मुलीला दिली. संध्याकाळी दोघं पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांना नावं ठेवायचे. “बाबा, ते बघा, टोपलं उपडं घातल्यासारखं!” “ते आमच्या जोडीदाराचं काम,” गप्पे म्हणायचा, आणि तेव्हा त्याची पाठ हलायची.

एका सकाळी तो बायकोला म्हणाला, “आज फार जड आहे. सांगून ठेवतो.” तिने हातातला कप खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसली.  माझं पाणी गार झालं तरी कुणी उठलं नाही. माझ्या आयुष्यातली चांगली सकाळ कोणती म्हणाल, तर ती.

असे आठ गुरुवार गेले. नवव्या गुरुवारी खोलीला कुलूप होतं.

दारावर कागद चिकटवलेला, ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’. बाकावर बसलेला शिपाई म्हणाला, “बाईंच्या नेमणुकीची मुदत संपली. नवीन माणूस नेमलेलं नाही अजून.”

“कधी नेमतील?”

“ते वरचे ठरवणार.”

गप्पे पुढच्या गुरुवारी गेला. त्याच्या पुढच्याही गेला. कुलूप तेच, कागदाचा एक कोपरा तेवढा सुटलेला. व्यायामवाल्या बाईने धावपळ करून दुसऱ्या इस्पितळातल्या समुपदेशकाचा पत्ता मिळवला. तो कागद घरात टेबलावर होता तेव्हा नेमका दादा आला.

“हे मनाच्या डॉक्टरचं काय? वेडबिड लागलंय का तुला?” त्याने चार माणसांत विचारलं. “पाठीचा आजार आहे तो पाठीचा. घरात अशी नवी भानगड नको.”

गप्पेची बायको म्हणाली, “भाऊजी, त्यांना बरं वाटत होतं तिथे.”

“तूच डोक्यावर चढवून ठेवलंयस त्याला.”

गप्पेने तो कागद उचलला, चौघडी केली आणि खिशात घातला. मला वाटलं, जाईल. पण सदरा तसाच धुण्यात गेला आणि कागदाचा पाण्यात लगदा झाला. त्याने नवीन मागितला नाही.

मग पायरीवरची दहा मिनिटं गेली. आधी पाय दुखतात म्हणून, मग उन्हामुळे, मग कारण सांगायचंही राहून गेलं. मग गोळ्या चुकू लागल्या. बायकोने विचारलं तर म्हणायचा, “घेतली.” गोळी चादरीखाली असायची. ती माझ्या अंगाला टोचायची.

गोळ्या चुकल्या आणि सूज उसळली. एका सकाळी दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा फिरवताना पाठीत कळ आली आणि हात सरकला. कान कापला. फार नाही, पण कापडावर रक्ताचे थेंब पडले. गिऱ्हाईक भला माणूस. “होतं हो कधी,” म्हणाला. पुढच्या वेळी आला तेव्हा मात्र मुकाट्याने जोडीदाराच्या खुर्चीत जाऊन बसला. गप्पेने ते आरशात पाहिलं. त्या दिवशी त्याने दुकान सोडलं ते कायमचं.

जोडीदार घरी आला, दोनदा आला. “उंच स्टूल आणतो. बसून काप. नाही कापलंस तरी चालेल, नुसता येऊन बस. तू नाहीस तर दुकानात कुणी बोलत नाही रे. कात्रीचा आवाज तेवढा येतो.”

“बघू,” गप्पे म्हणाला. तिसऱ्यांदा जोडीदार आला तेव्हा त्याने झोपेचं सोंग घेतलं.

मुलीचे केस जन्मापासून त्यानेच कापलेले. ते डोळ्यांवर येऊ लागले. ती कंगवा आणि कात्री घेऊन पलंगाशी आली. “बाबा, कापता? मी खाली बसते, तुम्हाला वाकायला नको.”

“आईला सांग.”

“आईला नाही येत सरळ.”

“मग राहू दे.”

तिने न्हाणीघरातल्या आरशासमोर स्वतःच कापले. एका बाजूला भुवईच्या वर, दुसऱ्या बाजूला डोळ्यापर्यंत. मग येऊन त्याच्या समोर उभी राहिली. तो हसेल, निदान रागावेल, असं तिला वाटलं असावं. त्याने पाहिलं आणि हळूहळू अख्खं अंग वळवून भिंतीकडे तोंड केलं. मी त्याच्या पाठीला टेकून होते. ती पाठ गदगदत होती. मुलीला ते दिसलं नाही. तिला फक्त वळलेली पाठ दिसली.

मीही थकले होते. रोजच्या उकळत्या पाण्याने माझं रबर कडक झालं, मानेपाशी भेगा पडल्या. एका दुपारी बायको भाजी आणायला गेली असताना मी फुटले. सगळं गरम पाणी त्याच्या कमरेवर सांडलं. मुलगी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. एक हाक पुरली असती. त्याने मारली नाही.

बायको आली तेव्हा गादी भिजलेली, कातडी लाल झालेली आणि हा छताकडे बघत पडलेला. “अहो! ओरडला का नाहीत?”

“काय होणार होतं ओरडून?” तो म्हणाला.

तिने मलम लावलं, चादर बदलली. दुसऱ्या दिवशी विजेवर चालणारी शेकाची गादी आणली. ती गुणी आहे, गळत नाही. पण तीन महिने झाले, गप्पे अजून तसाच पडून आहे. आता त्याची कुणाकडे तक्रारही नाही. घरात सगळे याला शांतपणा म्हणतात. दादा तर म्हणतो, “आता सुधारतोय.”

मी स्वयंपाकघरात खालच्या फळीवर आहे. माझ्यात पाणी ठरत नाही, तरी कुणी टाकून दिलेलं नाही. आज सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर बायको आली, फळीला टेकून जमिनीवर बसली आणि मला ओढून पोटाशी धरलं. रिकामी, गार, फाटकी होते मी. तिने माझ्या अंगावर कपाळ टेकलं आणि पुटपुटली, “मलाही आता उठावंसं वाटत नाही गं.”

हे तिने एका रबराच्या पिशवीला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मला ऐकू येतं, पण तिच्याशी बोलायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या ओळखीच्या घरात कुणी वर्षानुवर्षं आजारी असेल, तर त्याच्या गोळ्यांची चौकशी झाल्यावर लगेच उठू नका. आणि त्याचं करणारी जी कुणी असेल, तिच्याजवळही जरा बसा. एवढंच मागणं आहे. ते या घरासाठी वेळेवर पोचेल, असं मला वाटत नाही.

आतून त्याने पाणी मागितलं. तिने पदराने डोळे पुसले, मला फळीवर ठेवलं आणि म्हणाली, “आले हं.” अगदी नेहमीच्या आवाजात.