लाल कुलपाची दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं लाल कुलूप आहे. तिजोरी किंवा दार राखणं माझ्या नशिबी आलं नाही. साबणाच्या कारखान्यात मी माणसं राखायचो.

कारखान्यात एका कामगाराची बोटं गेली, तेव्हा कुठे मालकांना जाग आली. त्यांनी सुरक्षा अधिकारी नेमल्या. या मॅडम खुर्ची उबवत बसल्या नाहीत. प्रत्येक यंत्रापाशी थांबून त्या विचारायच्या, "इथे काय चुकलं तर तुमच्या जिवावर बेतेल?" मग कामगारांची समिती झाली, नियम ठरले आणि प्रत्येक फिटरला आपापलं कुलूप मिळालं. मी मिक्सरच्या फिटरकडे आलो.

मिक्सर म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी भांडं. त्याच्या पात्यांना चिकटलेला साबण खरवडायला फिटर आत उतरायचा. त्याआधी मेन स्विच बंद करून तो मला त्यावर अडकवायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. "एका कुलपाला एकच किल्ली," मॅडमनी बजावलं होतं. तेव्हा माझा काय रुबाब होता!

एकदा फिटर ती किल्ली खिशात घेऊनच घरी गेला. मिक्सर ठप्प झाला आणि सुपरवायझरला साहेबांची बोलणी खावी लागली. हा सुपरवायझर फिटरच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याने गुपचूप माझी दुसरी किल्ली करून आणली.

"दाजी, ही माझ्याकडे असू दे. मॅडमना सांगू नका."

"ठेव की!" फिटर हसला. "तुझी बहीण माझ्या घरी आहे, किल्लीचं काय घेऊन बसलास?"

दोघं हसले. मला मात्र धडकी भरली. मित्रांनो, कुलपाला नाही म्हणता येत नाही. किल्ली लागली की उघडावंच लागतं.

एक दिवस मालाची घाई होती. फिटर मला लावून आत उतरला होता. सुपरवायझर धापा टाकत आला. आजूबाजूला कोणी दिसेना. "दाजी चहाला गेले वाटतं. कुलूप तसंच विसरले," तो पुटपुटला. त्याने खिशातून किल्ली काढली. मी उघडलो. स्विच वर गेला.

फिटरला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्याची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, ती धावत आली. ती रडली नाही. भावाकडे बघून एवढंच म्हणाली, "दादा, एक हाक तरी मारायचीस रे."

चौकशी झाली. मॅडमनी समितीसमोर ती दुसरी किल्ली मोडून टाकली. भावाचं सुपरवायझरचं पद गेलं. आता तो त्याच मिक्सरमध्ये माल ओततो. यंत्र सुरू होण्याआधी तो झाकणाशी वाकून हाक मारतो, "दाजी, आत आहात का?" नवा फिटर त्याच्या शेजारीच उभा असतो. तरी तो उत्तराची वाट बघत राहतो. त्याला कोणी घाई करत नाही.

मित्रांनो, हाक वेळेवर मारा. आणि किल्ली मागणारा कितीही जवळचा असो, त्याला नाही म्हणा.