मसकेतला पहिला घोट

राधाकिशनने नव्या कातडी मसकेचं तोंड सोडलं, ओंजळभर पाणी घेतलं, प्याला आणि म्हणाला, "ब्येस हाय."

छबुबाई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. परवाच तिने वरणात मुद्दाम मीठ घातलं नव्हतं, आणि या गड्याने दोन वाट्या वरपून वर झकास झालंय म्हणून शाबासकी दिली होती. तीन वर्षांपूर्वीच्या तापात नवऱ्याच्या तोंडाची चव गेली ती परतलीच नाही, हे तिला तेव्हा पक्कं कळलं. पण पुरुषाची जात, आपण होऊन सांगेल तर शपथ.

एके काळी दिंद्रुडहून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांखाली राधाकिशनने शिवलेल्या मसका लोंबायच्या. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, पण पाणी गार ठेवावं तर तिनेच. मग प्लास्टिकचे कॅन आले आणि त्याची आरी गंजून गेली. यंदा शाळेतल्या अंजलीबाईंनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि घरी येऊन एक मसक मागितली. म्हातारा हरखला. बाभळीच्या सालीत कातडं मुरवून त्याने महिनाभर शिवलं. थेंब गळत नव्हता.

पण त्याच्या बापाने घालून दिलेला नेम होता. नव्या मसकेत रोज पाणी भरायचं, रोज ओतायचं, आणि पहिला घोट शिवणाऱ्यानेच घ्यायचा. पाण्याला सालीची चव आहे तोवर मसक उंबरा ओलांडत नाही.

प्रदर्शन उद्यावर आलं. जेवण झाल्यावर राधाकिशनने मसक छबुबाईपुढे सरकवली.

"छबू, तू पिऊन बघ. मला काईच कळत न्हाई."

एवढं बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती.

छबुबाईने घोट घेतला. खोटं बोलणं सोपं होतं, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिला मोहही झाला. पण उद्या कुणी तिथे पिऊन थुंकून टाकलं, तर हा माणूस खचेल हेही तिला ठाऊक होतं.

"तुरट लागतंय," ती म्हणाली. "लई तुरट."

सकाळी अंजलीबाई न्यायला आल्या. तिथे कोण पिणार आहे आप्पा, रिकामीच टांगू, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. राधाकिशन बधला नाही. पाणी पिता येत नसेल तर ते नुसतं कातडंच आहे, म्हणाला. बाई हिरमुसून गेल्या आणि प्रदर्शन मसकेवाचून पार पडलं.

नेम मात्र चुकला नाही. तो भरायचा, ती प्यायची, तोंड वाकडं करायची, तो ओतायचा. अकराव्या दिवशी तिने घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला.

"कशावानी लागतंय?"

"कशावानीच न्हाई. नुसतं पानी हाय."

राधाकिशनने दोन्ही हातांनी मसक उचलली, तोंडाला लावली आणि पोटभर प्याला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं.

"मलाबी तसंच लागतंय," तो म्हणाला.

छबुबाईने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि मसकेसाठी हात पुढे केला.