सहीपुरती न्यायाधीश

“बायकोचं मनगट धरलं होतं का? हो की नाही?” सरकारी वकिलाने विचारलं.

“धरलं की,” ऑरिन हौगेन म्हणाला. “बाहेर बर्फ, अन् डेल्फीन झोपायच्या कपड्यांत दाराबाहेर निघालेली. आईकडे जायचंय म्हणे, आई जाऊन चाळीस वर्षं झाली तरी. धरू नको तर काय करू?”

मनगट काळंनिळं झालं, शेजारणीने पोलीस बोलावले. डेल्फीनला शुश्रूषागृहात हलवलं. खोटं बोलणं जमत नव्हतं म्हणून एक्क्याऐंशी वर्षांच्या ऑरिनने गुन्हा कबूल केला.

आता कायदा सरळ होता. घरच्या माणसावर हात टाकल्याचा गुन्हा शाबीत झाला, की दोन वर्षं भेट नाही, फोनही नाही. तसा हुकूम न्यायाधीशाने द्यायलाच हवा.

व्हर्ना टोलेसन उत्तर डकोटातल्या त्या गावात बावीस वर्षं न्यायाधीश होती. ती कॅफेत शिरली की बोलणी थांबत. नवरा गेल्यापासून ती कोर्टातच एकटी डबा खाई.

“दोन वर्षं ही बाई जगेल का?” तिने विचारलं.

“मॅडम, एका नवऱ्याला असंच घरी सोडलं होतं. त्याच्या हातून बायको मेली, म्हणून तर हा कायदा आला.” वकील एवढंच बोलून थांबला. त्या नवऱ्याला कोणी सोडलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. व्हर्नानेच.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “माझी चूक झाली होती. पण समोरच्या माणसाकडे न बघताच सही करायची, तर न्यायाधीश कशाला? शिक्का पुरे.” तिने हुकूम द्यायचं नाकारलं.

तीन आठवडे ऑरिन रोज दुपारी डेल्फीनला बटाट्याचं सूप भरवायला जात होता. मग सरकारी वकिलाच्या अपिलावर वरच्या कोर्टाचा निकाल आला: शिक्षा ठरवणं विधिमंडळाचं काम, त्याने न्यायाधीशाचं स्वातंत्र्य जात नाही, हुकूम द्यावा.

व्हर्नाने सही केली. वर एक ओळ लिहिली: ‘या हुकमात माझा विचार नाही, तो करायची मला मुभा नव्हती.’ वर्तमानपत्राने ती ओळ छापली, कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. शुश्रूषागृहात डेल्फीन आता अर्धीच वाटी घेई.

एप्रिलमध्ये ऑरिन कोर्टाच्या खिडकीशी आला. कारकून मेविसने व्हर्नाला बाहेर बोलावलं.

“डेल्फीन काल गेली, मॅडम. गुरुवारी दफन आहे. मला जाता येईल का?”

“हुकूम संपला, ऑरिन. जा तुम्ही.”

“लिहून देता? कुणी अडवलं तर दाखवीन.”

व्हर्ना तिथेच बसली आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. ऑरिनने चष्मा चढवून त्या दोनदा वाचल्या.

“किती वेळ थांबायचं, ते नाही लिहिलंत.”

तिने कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, ‘हवा तेवढा.’