फुलं ज्या बाजूला बघतात

डेनीका चार वर्षांची आहे आणि त्या दिवशी तिच्या अंगात नारिंगी स्वेटर होता. माझ्या सासूनं, मा सुझाननं, मुद्दाम फुलांच्या रंगाची लोकर शोधून तो विणला होता. आमच्या रानफुलांच्या उद्यानाची अख्खी टेकडी त्या आठवड्यात त्याच रंगाची झाली होती. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा डेनीका दिसेनाशी होऊन बराच वेळ झाला होता.

उद्यानाच्या फाटकाशी माझा ठेला आहे. चहा आणि निखाऱ्यांवरचे पाव, फक्त फुलांच्या दिवसांत. नवरा किनाऱ्यावरच्या खाणीत असतो. त्या सकाळी डेनीका ठेल्यामागे एका कासवाशी गप्पा मारत बसली होती. मी पाव उलटला, मागे बघितलं. कासव होतं. ती नव्हती.

वनरक्षक फ्रान्स माझ्याबरोबर शाळेत होता. मला ‘हवामान खातं’ म्हणतो, कारण मी कायम कशाचा ना कशाचा इशारा देत असते.

“शेळ्यांकडे गेली असेल,” तो म्हणाला. “तू कुठे सापडली होतीस? शेळीच्या पोटाखाली, अंगठा चोखत.”

आमच्याकडे हरवलेली पोरं शेळ्यांपाशीच सापडतात. गळ्यातल्या घंटा वाजतात, पोर आवाजामागे जातं. म्हणून आम्ही सगळे पूर्वेला पळालो, म्हाताऱ्या ऊम फिलेमोनच्या शेळ्यांकडे. ऊम म्हणजे आमच्याकडे काका. शेळ्या निवांत चरत होत्या.

“इकडे कुणी आलं नाही, पोरी,” ऊम फिलेमोन म्हणाला. “एक कोल्हा येऊन गेला, तोही पहाटे.”

मा सुझान धापा टाकत मागून आली. “एवढं कॉलेज शिकलीस, लोरा. पोरीवर एक डोळा ठेवायला नाही शिकवलं?”

“दोन्ही ठेवले होते, मा.”

खरंच ठेवले होते. मी डेनीकाचे बूट रोज झटकून घालते, विंचवासाठी. वसंतात थंडीतून बाहेर पडलेले साप ऊन खायला वाटेवर येतात, म्हणून मी तिच्यापुढे काठी आपटत चालते. आणि एक पाव उलटायला कितीसा वेळ लागतो?

शोधता शोधता दुपार झाली, मग ढग आला. ऊन गेलं की आमची फुलं मिटतात, आणि बघता बघता टेकडी मातकट झाली. आता स्वेटर दिसेल म्हणून मी फ्रान्सच्या जीपच्या टपावर चढले. सगळीकडे फिरून बघितलं. नारिंगी असं कुठेच काही नव्हतं. म्हणजे ती टेकडीच्या या अंगाला नव्हतीच.

मिटलेल्या फुलांकडे बघता बघता मला तिचा खेळ आठवला.

इथली पोरं चालायला शिकतात तीच ऊन पाठीवर घेऊन. फुलं सूर्याकडे तोंड करतात. ऊन पाठीशी असलं तर ती तुमच्याकडे बघतात, समोर असलं तर नुसत्या पाठी दिसतात. पाठ फिरवलेली फुलं डेनीकाला खपत नाहीत. “रुसली,” म्हणते आणि स्वतः वळते. ढग आला की आम्ही म्हणतो, “फुलं झोपली,” आणि ती उठेपर्यंत आहे तिथे बसायचं, हलायचं नाही. हा खेळ मीच तिला शिकवला, ती थकल्यावर एका जागी बसावी म्हणून.

सकाळी सूर्य पूर्वेला होता. शेळ्यांच्या दिशेनं तिनं एक पाऊलही टाकलं नसतं. ती पश्चिमेला गेली असणार, मग सूर्य उत्तरेला सरकला, आमच्याकडे दुपारी तो उत्तरेलाच असतो, तशी दक्षिणेला, टेकडीला वळसा घालून. आता ढगाखाली कुठेतरी बसली असेल. ढग हटेल तेव्हा सूर्य पश्चिमेला कललेला असेल. ती उठेल आणि त्याच्याकडे पाठ करून चालू लागेल, थेट दगडी घळीकडे. फुलांच्या तोंडांकडे बघत. पायाखाली ती बघत नाही.

“फ्रान्स, टेकडीमागे. घळीच्या वरच्या अंगाला.”

“तिकडे कशाला जाईल? तिकडे काय आहे?”

“फुलं आहेत.”

तो जीप घेऊन रस्त्यानं निघाला. मी टेकडी आडवी तुडवत पळाले. ज्या फुलांवर पाय पडला की मी पाहुण्यांवर खेकसते, त्याच फुलांवरून. आम्ही वर्षभर या दिवसांतल्या उन्हाची वाट बघतो. त्या दुपारी मी देवाला विनवत होते, ऊन पडू देऊ नकोस.

पडलं. मी माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडच्या उतारावरची फुलं एकेक करून उघडत होती आणि पुन्हा सगळं नारिंगी झालं. मी सूर्याकडे पाठ करून उभी राहिले. हजारो तोंडं माझ्याकडे वळलेली. त्यात मी फिरून फिरून बघत राहिले, आणि मग खाली एक पाठ दिसली.

ती चालत होती. तिच्यापुढे, वाळूच्या उघड्या पट्ट्यावर, पोफाडर हा विषारी साप पसरला होता. जाड, आखूड, वाळूच्याच रंगाचा. हा साप पळून जात नाही, पाय पडेपर्यंत पडून राहतो. आणि डेनीकाला हाक मारली की ती पकडापकडी समजून पुढे धावते.

मी तिच्यामागे उतरले आणि खेळातल्या आवाजात म्हटलं, “फुलं झोपली.”

ती मटकन बसली. साप तिच्या गुडघ्यापासून हातभर.

“नाही झोपली,” वळून न बघता ती म्हणाली. “बघतायत.”

“पेंगतायत. तू हललीस की उठतील.”

“मग तू का चालतेस?”

“मी हळू चालतेय.”

सापानं अंग फुगवलं आणि जोरात फूत्कार सोडला.

“आई, कोण आवाज करतंय?”

“फुलं घोरतायत. डोळे मीट, सोना.”

तिनं मिटले. तिच्या काखांत हात घालून मी तिला सरळ वर उचललं आणि मागे मागे सरकत राहिले, वाळूचा पट्टा संपून किती तरी पुढे गेल्यावरही.

घळीच्या काठाशी फ्रान्सची जीप थांबली होती. मला बघून त्यानं टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. मी त्याच्याकडे गेले नाही. पाय घराकडे वळले होते. आता ऊन समोर होतं.

“तू खोटं बोललीस,” डेनीका माझ्या कानात म्हणाली. “फुलं जागी होती.”

“हो.”

तिनं मान वळवून टेकडीकडे बघितलं. सगळ्या फुलांनी आमच्याकडे पाठ केली होती.

“रुसली.”

“रुसू देत,” मी म्हटलं आणि पायाखाली बघत चालत राहिले.