माझ्या पोटाखाली कोण वाकणार?

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, चालेल. ‘काय देखणी गाडी आहे’ म्हणू नका. या कौतुकापायी माझा जीव जायची वेळ आली होती, आणि माझ्यासोबत पाच मुलींचाही.

माझा जन्म १९७० सालचा. रंग भडक नारिंगी, बॉनेटवर दोन काळे पट्टे, आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. मी सुरू झाले की शेजारच्या घरातले चमचे वाजतात. कारखान्यातून मी थेट ऑस्ट्रेलियातल्या गिलगांड्रा गावात आले, क्लाइव्ह टुही नावाच्या गहू पिकवणाऱ्या तरण्याबांड शेतकऱ्याच्या घरी. माझ्यात बसूनच त्याने लोरेनला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली आणि आनंदाच्या भरात त्याने मला कुंपणावर घातलं. मी त्याला माफ केलं, कारण तो दर रविवारी गोणपाट अंथरून माझ्या पोटाखाली शिरायचा. एकेक नट, एकेक नळी हाताने चाचपायचा. कुठे खुट्ट झालं की आधी त्याला कळायचं, मग मला.

क्लाइव्ह गेला आणि माझ्या नशिबी नुसती वाहवा उरली. लोरेन मला जीव लावते, खोटं कशाला बोलू? पण तिचा जीव सगळा वरच्या अंगाला. मेण लावून ती मला असं चमकवते की माश्या घसराव्यात.

आमच्याकडे जुन्या गाडीचं दरवर्षी पासिंग करावं लागतं. ब्रेक, दिवे, चाकं, गंज, सगळं बघायचं, मगच रस्त्यावर यायचं. नियम उत्तम आहे. पण माझी पाळी आली की वर्कशॉपमध्ये तपासणी होत नाही, जत्रा भरते. चार बाप्ये बॉनेट उघडून उभे राहतात. एक म्हणतो, “जरा रेस दे ना.” दुसरा डोळे मिटून ऐकतो. तिसऱ्याला त्याचे वडील आठवतात. मग सही होते. अरे, तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि त्याने तुमचा आवाज ऐकून ‘छान गाता हो’ म्हणत घरी पाठवलं, तर चालेल का तुम्हाला?

यंदा तर कहर झाला. लोरेनच्या नातीचा, टिगनचा, शाळेचा निरोप समारंभ शनिवारी होता. त्या संध्याकाळी अख्खं गाव सभागृहापुढे खुर्च्या टाकून बसतं आणि कोण कशातून उतरतंय ते बघतं. मागच्या वर्षी एक मुलगा मेंढ्यांच्या ट्रकमधून आला होता. टिगन आणि तिच्या चार मैत्रिणी माझ्यातून येणार होत्या. त्यासाठी गुरुवारी पासिंग व्हायलाच हवं होतं.

तपासायला ब्रॉडी होता, नवा, पंचविशीचा, कडक इस्त्रीचा. लोरेन पाव घेऊन परत आली तेव्हा तो मान हलवत होता.

“मिसेस टुही, गाडी नापास. अप्पर, लांबचा दिवा, लागत नाही. वायरिंग गेलंय.”

“बटण कुठे शोधलंस?”

“स्टिअरिंगच्या दांडीवर, डॅशबोर्डवर, सगळीकडे.”

“आणि पायाखाली?”

ब्रॉडीने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. लोरेनने आत बसून डाव्या पायाने जमिनीवरचं बटण दाबलं. टक्. समोरची भिंत झगझगली.

“तुमच्या गाड्यांत डावा पाय झोपा काढतो,” ती म्हणाली. “आमच्यात त्याला कामं असायची.”

टायरवाला मर्व्ह पोट धरून हसला. ब्रॉडीचे कान माझ्यापेक्षा नारिंगी झाले. तरी बिचारा म्हणाला, “आता वर उचलून खालून बघतो.”

“क्लाइव्हच्या गाडीला खालून बघतोस?” मर्व्ह म्हणाला. “म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं स्वयंपाकघर तपासण्यासारखं झालं की रे. लाज बाळग जरा.”

ब्रॉडीने लाज बाळगली आणि सही केली.

संतापाने माझं ऑइल उकळलं! जो दिवा ठणठणीत, त्यासाठी मला नापास करतोस? आणि मागच्या डाव्या चाकामागे ब्रेकची रबरी नळी पार चिरलीय, तिच्यासाठी पास? अरे, मान द्यायचाच असेल तर क्लाइव्हसारखं खाली लोळ ना. पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

शुक्रवारी टिगन मला धूत होती. चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि ती थांबली.

“नॅन,” तिने आजीला हाक मारली, “इथे ओलं आहे.”

“पाणी मारतेयस, मग ओलं असणारच.”

“पाणी बुळबुळीत नसतं.”

“टिगन, कालच पास झालीय गाडी.”

“कागद पास झालाय. चाक गळतंय.”

लोरेन आत बसली आणि तिने ब्रेक दाबला. पायडल हळूहळू खाली गेलं, ते थेट तळापर्यंत. गव्हाच्या कोठारापासून सभागृहाकडे येणारा उतार दोघींनाही पाठ होता. लोरेन लगेच उतरली. तिने फोन उचलला.

“ब्रॉडी, उद्या संध्याकाळी टोइंगचा ट्रक घेऊन ये. इस्त्रीचा शर्ट घालून ये. आणि मर्व्हलाही आण.”

शनिवारी मी ट्रकच्या पाठीवर बसून निघाले. मी, आठ सिलिंडरची, एखाद्या सोफ्यासारखी. खुर्च्यांवरचं गाव खदाखदा हसलं. सभागृहापाशी मला खाली उतरवलं, तर सूट घातलेली दहा-बारा पोरं धावत आली. मुली आत बसल्या, पोरांनी मला ढकललं. लोरेन एका हाताने हँडब्रेक धरून बसली होती. मर्व्हही ढकलत होता, मान खाली घालून. मी अजिबात आवाज न करता पायऱ्यांपाशी पोहोचले. टिगन उतरली, तिच्या निळ्या ड्रेसला ग्रीसचा डाग होता, आणि तिने तो कुणापासूनही लपवला नाही.

सोमवारी ब्रॉडीने मला वर उचललं आणि तासभर खालून हलला नाही. अजून तीन दुखणी सापडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, स्कूटर असेल, शाळेची व्हॅन असेल. तिचा वरवरचा तोरा बघून फसू नका. जिथे हात घातल्यावर हात काळे होतात, तिथे आधी हात घाला. आमच्यावर प्रेम असेल, तर आम्हाला नापास करायला घाबरू नका.