मान डोलली की

"अरे भाई, माइक शिट्टी मारतोय, आवाज कमी कर ना," पुढच्या रांगेतले गृहस्थ साउंडवाल्यावर खेकसले, तेव्हा गोजरबाईंनी मान खाली घातली. शिट्टी माइकची नव्हतीच. ती शेजारी बसलेल्या अप्पारावांच्या कानातून येत होती.

एस.टी.च्या वर्कशॉपात जन्मभर पत्रे ठोकून अप्पारावांच्या कानांचं वाटोळं झालेलं. त्यात कानातल्या मशीनचं रबरी बोंड सैल. मान डोलली की ते केकाटणार, आणि ती शिट्टी नेमकी त्यांनाच ऐकू येत नसे. समोर नात विशाखा पहिल्यांदाच स्टेजवर ख्याल गात होती, म्हणजे मान डोलणारच. पोरगी जितकी छान गाई, तितकी शिट्टी जास्त. असलं त्रांगडं बाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"अहो, मान हलवू नका," त्या त्यांच्या कानाशी लागल्या. "मशीन वाजतंय."

"कुणाचं?"

"तुमचंच की."

अप्पाराव फोटोला बसल्यासारखे ताठ झाले. पण विशाखा तान घेऊन झोकात समेवर आली आणि बिचाऱ्यांचा इलाज चालला नाही. पुन्हा शिट्टी. मागून कुणीतरी म्हणालं, "अशांना आणतात कशाला?" गोजरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडं विशाखाचा सूर हलला. घरची शिट्टी तिनं ओळखली होती.

नातीचा उतरलेला चेहरा अप्पारावांनी पाहिला. मशीन काढून मुठीत गच्च धरलं. मुठीत तर ते आणखीच बोंबललं, पण आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते आपले निवांत. गोजरबाईंनी त्यांची मूठ उघडली, डाळीएवढा सेल काढला आणि पदराला गाठ मारून ठेवला.

पोरीच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून या माणसानं कित्येक उन्हाळे काढले, आणि ऐन आजच त्याच्या कानाला कुलूप. बाईंना राग आला, रडू आलं. राहवेना, म्हणून त्यांनी खुणेनं विचारलं, घालता का परत? अप्पारावांनी नकार दिला आणि विशाखाच्या ओठांवर नजर लावली. आता मान हवी तेवढी डोलवता येत होती.

तबल्याला वाव द्यायला विशाखा जरा थांबली. तिचे ओठ मिटलेले दिसले आणि अप्पारावांना वाटलं, गाणं संपलं.

"व्वा, पोरी. लई भारी," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले आणि एकटेच टाळ्या पिटू लागले.

सगळी डोकी वळली. गोजरबाईंनी त्यांचा हात धरायला हात उचलला, आणि मग त्यांच्यासोबत त्याही टाळ्या वाजवू लागल्या.